मोजून दोन

तलावपाळीला तीन फेऱ्या झाल्या की
आम्ही चौघी कोपऱ्यावरच्या उडप्याकडे शिरतो,
ओढण्या कमरेला बांधलेल्या, बुटांत घाम.
करखानीस बाई आधी कुठला पंखा चालतोय ते बघतात.

सदानंद पाण्याचे ग्लास ठेवता ठेवता
एका दमात म्हणतो
इडलीवडाउपमाशिरासाधामसालामैसूररवाउत्तप्पा
आणि दम घ्यायला थांबतो तिथे
अय्यर मॅडम म्हणतात, "इडली. सांबार वेगळं."
घरी रोज इडलीच करतात त्या.
विचारलं तर म्हणतात, दुसऱ्याची कशी चुकते ते बघायला.
मर्लिनला खरं तर मिसळ हवी असते,
पण डॉक्टरने तर्री बंद केलीय,
म्हणून ती शिरा मागवते
आणि पहिल्या घासापासून त्याला नावं ठेवते.

मी कार्ड उघडते.
अकरा वर्षं तेच कार्ड,
किमतींवर चिकटवलेल्या नव्या किमती,
नख लावलं तर जुन्या निघतात.
मला हवं असतं ते त्यात नसतं.

फोडणीची पोळी.
रात्रीची, हाताने कुस्करलेली
(मिक्सरमध्ये नाही, भुसा होतो),
भरपूर कांदा, मिरची तेलात पुरती तडतडलेली,
हळद, चिमूटभर साखर, पाण्याचा हबका, झाकण.
निनाद तळाची करपट खरवड मागायचा,
अविनाश दही ओतून सगळ्याचा चिखल करायचा
आणि पेपरामागून म्हणायचा, अजून आहे का?

पोहे आमच्याकडे पाहुण्यांचे.
उपमा सोमवारचा, कुणालाच न आवडणारा.
थालीपीठ, लोणी असेल तर.
पण ही कधी ठरवून झाली नाही.
कुणीतरी रात्री बाहेर खाऊन यायचं,
दारातच सांगायचं, "मला नको गं, चायनीज झालं,"
मी ओट्याशी चिडायची,
डब्याचं झाकण आपटायची,
आणि सकाळी तो राग बारीक कुस्करून
मोहरीवर टाकायची.

आता कणीक मोजून भिजवते.
दोन पोळ्या. एक वाटी, थोडी कमीच.
काही उरत नाही.
मधे एकदा मुद्दाम चार केल्या,
दोन झाकून ठेवल्या, सकाळी फोडणी दिली.
नीट झाली होती. मीठही बरोबर.
कुणावर चिडलेच नव्हते ना.

गेल्या मंगळवारी सदानंदला विचारलंच,
"तुमच्याकडे शिळं काही मिळतं का?"
करखानीस बाईंनी टेबलाखालून पाय मारला.
तो दुखावला. "मॅडम, इथे सगळं फ्रेश."
मग मी पोळीचं सांगितलं.
ऐकता ऐकता त्याने फडकं खांद्यावर टाकलं,
आत गेला, बराच वेळ आलाच नाही.
मर्लिनचा शिरा थंड, अय्यर मॅडमचं सांबार संपलेलं.

मग स्टीलच्या खोलगट ताटलीत
कालच्या इडल्या, चुरलेल्या,
मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता,
कडा तव्याला लागून लाल.
"हे आम्ही पोरं खातो, साडेपाचला,
शटर उघडायच्या आधी.
गिऱ्हाइकाला नाही देत."
चार चमचे आणले होते त्याने.
कुणी बोललं नाही.
अय्यर मॅडमनीसुद्धा चूक काढली नाही.
तळाशी खरवड होती.
ती मी कुणाला दिली नाही.

बिलात ते नव्हतं.
विचारलं तर म्हणाला, त्याला भाव लावलेला नाही.

त्या रात्री निनादचा फोन,
बंगळुरातला ट्रॅफिक, सकाळचे ओट्स, मीटिंगा.
स्पीकर लावून मी कणीक भिजवत होते
आणि पाणी जास्त पडलं.
मग पीठ घातलं.
ते जास्त झालं, मग पाणी.
"ऐकतेयस ना?" तो म्हणाला.
"ऐकतेय," म्हटलं.

पाच झाल्या.